बेरियम

नेरूळ, तळमजला, सकाळचे साडेआठ.
रिकाम्या पोटी पोशा मढवी,
वय एकाहत्तर, राहणार करावे.
फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात
सुनेनं लिहिलंय : काही नाही.

मी शिशाचा एप्रन बांधते.
ग्लासात पूड, पुडीवर पाणी,
गुठळी राहू नये म्हणून ढवळत राहते.
"यो काय गो, चुना हाय?"
बेरियम, काका. एका दगडाची पूड.
"वास त केल्याचा मारतंय."
ते ग्लास हातावर तोलतात. "भारी हाय."
बोट बुडवतात, अंगठ्यानं चोळून बघतात,
आणि जिभेला न लावताच सांगतात,
"ह्या मीठ नाय."

चाळीस वर्षं मिठागरात होते.
"मीठ कसा, पानी दिसला का गेला."
खरंय. आणि हे विरघळत नाही
म्हणूनच तर पाजता येतं, काका.
विरघळलं असतं तर विष होतं.
हे शरीरात शिरतं,
शरीराचं होत नाही.

पलीकडे सीटीला आयोडीन लागतं.
ते शिरेतून जातं, आधी किडनीची परवानगी मागतं,
अंगभर एकदम ऊब पसरते,
भलीभली माणसं लाजून विचारतात, कपडे ओले झाले का.
बेरियमचं तसं काही नाही.
ते नुसतं खाली उतरतं.

तोंडात धरा. मी म्हणेन तेव्हा.

गिळा.

आत्तापर्यंत पडद्यावर
फासळ्या होत्या, मणके, हृदयाची सावली.
अन्ननलिका तिथंच होती एकाहत्तर वर्षं,
सुकटीची, भाकरीची, गिळलेल्या शिव्यांची,
पण किरण तिच्यातून आरपार जायचे
जशी ती नाहीच.
आता अडतात.
अडतात तेवढीच दिसते :
वर रुंद, भरलेली,
आणि छातीच्या मध्यावर
उघाडीत गाळ बसल्यावर खाडीचं पाणी येतं ना,
तेवढीशी धार.
कडा खडबडीत.

डॉक्टर जांभळे काचेमागून म्हणतात,
अजून एक घोट. तिरके उभे करा.
त्यांचा आवाज बदललेला मला कळतो.

"दिसला काय गो?"
दिसलं, काका. डॉक्टर सांगतील.

सुनेला मी नेहमीचं सांगते :
दोन दिवस शौचाला पांढरं होईल,
घाबरू नका, पाणी भरपूर द्या.
गिळवेल तेवढं.

काका बेसिनवर चूळ भरतात.
नळ सोडला तरी
पांढरं तळाशी बसून राहतं.
ते वाकून बघतात, बराच वेळ,
मग हातानंच
जाळीकडे ओढायला लागतात,
फळीनं मीठ ओढावं तसं.