कुलूप

उदगीरच्या डाळमिलीत, रात्री पावणेदोनला,
सॉर्टर अडला.
कोडमध्ये शिरले तर
नव्व्याण्णव प्रायॉरिटीचा थ्रेड,
खडा दिसला की हवा मारणारा,
उभाच्या उभा.

म्युटेक्स धरून बसलेला
सगळ्यात खालचा, नोंदी लिहिणारा.
सोडेना असं नाही,
त्याची पाळीच येईना.
मधले मात्र स्क्रीनवर रंग भरत, आरामात.

दुपारीही असंच:
पॅनेलची किल्ली गफूरमामूंच्या खिशात,
मामू फाटकाबाहेर, सुपरवायझरांचा चहा आणायला,
मालक दारात ताटकळत.

एक ओळ वाढवली:
कुलूप हातात असेतो
खालच्यालाही वरचा मान.

पट्टा फिरला. तूर वाहू लागली.

सकाळी मामू: "मशीन कोण अडवलं रात्री?"
कुणीच नाही, म्हटलं.
ज्याच्याकडे किल्ली, त्यालाच आपण थांबवलेलं.

मामूंनी उगाच खिसा चाचपला.