‘छान’ आज सुट्टीवर

‘छान’ आज सुट्टीवर आहे,
असं मी फळ्यावर लिहिलं. तिसरी ब, फाहाहील.
बाहेर धूळ इतकी की मैदान बंद,
रिफायनरीची ज्योत भर दुपारी
पुसट, कुंकवाचं बोट लागावं तशी.

नियम सोपे होते.
आधी चिप्सचे हात पुसायचे.
मग शेजाऱ्याचा डायनासोर जपून उचलायचा,
पिवळ्या चिठ्ठीवर लिहायचं, काय लक्षात राहिलं,
निळ्या चिठ्ठीवर एकच प्रश्न.
चूक काढायची नाही. विचारायचं.

जोस्लिनच्या स्टेगोसॉरसच्या पाठीवर
अकरा पापड उभे.
निळी चिठ्ठी: हे ऊन खायला, की मारामारीला?
तिला ठाऊक नव्हतं. मलाही नीटसं नव्हतं.
म्हटलं, मोठे मोठे शास्त्रज्ञ अजून वाद घालतायत यावर.
तशी ती खुलली, आणि लाल स्केचपेनने
चित्राखाली ठळक लिहिलं: अजून ठरायचंय.

बिलालने टी-रेक्सशेजारी माणूस काढलेला,
उंची कळावी म्हणून.
नौरीनचा प्रश्न: हा पळत का नाही?
गणिताचा अख्खा तास बिलालने विचार केला,
मग माणसाच्या तोंडून फुगा निघाला:
मी फक्त मोजपट्टी आहे.

आणि शार्विल परुळेकरचा तक्ता.
वर पिवळं हेल्मेट, खाली वाळू,
वाळूत शिरलेला पाइप, पाइपात अडकलेली एक लांब मान.
मथळा: माझे बाबा जमिनीतून डायनासोर काढतात.

हनानने तीनदा खोडून लिहिलं,
कागद विरला होता त्या जागी:
तेल डायनासोरचं असतं हे तुला कोणी सांगितलं?
माझ्या पुस्तकात आहे, ते समुद्रातल्या इवल्या जिवांचं.

तो रडला नाही.
चिठ्ठीची घडी घातली, आणखी एक घडी,
कंपासपेटीत कर्कटकाखाली ठेवली
आणि घंटा होईपर्यंत पेटीवर हात ठेवून बसला.

मला आठवलं,
गेल्या आठवड्यात मी दोनदा त्या तक्त्यापाशी थांबले होते.
दोन्ही वेळा म्हणाले होते, छान.

दुसऱ्या दिवशी तो उशिरा आला, डोळे तांबारलेले.
बाबांची दुसरी पाळी होती म्हणे, साडेअकराला घरी आले,
बूट काढता काढता ऐकलं, हसले,
मग हसायचे थांबले.
म्हणाले, अरे, मी व्हॉल्व्ह बघतो. प्रेशर बघतो.
आत वाहतं ते पूर्वी कोण होतं,
हे सतरा वर्षांत विचारलंच नाही मी.
मग दोघं मोबाइल घेऊन बसले, आई ओरडेपर्यंत.

तक्त्यावरची मान त्याने खोडली,
पण पेन्सिल दाबून चालवली होती ना,
तिरपं धरलं की अजून दिसते.
पाइपात आता ठिपके.
हनान मधल्या सुट्टीत येऊन ठिपके देऊ लागली,
एकशे नव्वदनंतर दोघांचीही मोजणी चुकली.
मथळा नवा, ओळ वाकडी, उजवीकडे उतरत गेलेली:
माझे बाबा डायनासोर काढत नाहीत.
मला आधी तसं वाटायचं. हनानने विचारलं.
डायनासोर वर हिंडत होते तेव्हा हे खाली पाण्यात होते,
आणि यांचं चित्र कोणी काढत नाही.

शेवटची ओळ त्याची की तिची,
दोघंही सांगेनात.

शुक्रवारची सुट्टी लागायच्या आधी
मी म्हटलं, आता मलाही चिठ्ठ्या द्या.
बहुतेकांनी माझ्या पर्सबद्दल लिहिलं.
एक निळी, अक्षर ओळखीचं, खोडलेलं काहीच नाही:
मॅडम, तुम्ही आधीच का नाही विचारलं?

ती मी कपाटाच्या दाराला, आतून, चिकटवली आहे.
खडू काढायला गेले की समोर येते.
पिवळी चिठ्ठी तिने दिली नाही.
मी मागितलीही नाही.