पावणेचार फेऱ्या

विद्यापीठाच्या ग्राउंडवर, सकाळी साडेसातला,
आम्ही पाच जण कठड्याला टेकून.
सगळे पन्नाशीच्या अल्याड-पल्याड,
सगळे शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर
भर उन्हात बूड भाजून घेतलेले.
पळणं बघायला आम्ही पहिल्यांदाच आलो होतो.
अश्फाकची तरन्नुम पंधराशे मीटरला होती,
कॉलेजकडून, नंबर दोनशे चौदा,
पाठीवरची एक पिन निसटलेली.

निवास सुतार म्हणाला,
"पर मर्दा, हितं शिव्या कुणाला घालायच्या?"
आम्ही खरंच विचारात पडलो.
फुटबॉलचं सोपं असतं. समोर पेठ असते,
पेठेचा गोलकीपर असतो,
त्याचा चुलता आपल्याच वर्गात दोनदा बसलेला असतो.
इथं आठ पोरी. एक गारगोटीची, एक इस्लामपूरची.
कुणाच्या घरचं काहीच ठाऊक नाही.
तोंडात आलेलं परत गिळलं.

ठो.

पहिल्यांदा ती समोरून गेली
तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या,
सत्काराला वाजवतात तशा.
ती वळणावर लांब झाली, आणि जिनाप्पा म्हणाला,
"त्यो गोल ऑफसाइड न्हवता."

कुठला, हे विचारावं लागत नाही.
सत्तावीस वर्षं झाली.
फायनल, शेवटची चार मिनिटं,
त्यांच्या पेठेच्या बाळू मेस्त्रीचा डावा पाय,
आणि लाइनमनचं वर गेलेलं निशाण.
त्या निशाणापायी एक ठरलेली सोयरीक मोडली,
दोन सख्खे साडू एका पंगतीला बसेनात.
कप आमच्या तालमीत आला.
काचेच्या कपाटात आहे अजून,
त्यात कुणीतरी कुलपाच्या किल्ल्या ठेवतं.

"ऑफसाइडच व्हता," निवास म्हणाला.
"न्हवता."
दुसऱ्यांदा ती गेली. सहावी.
आम्ही माना वळवल्या, माना परत आणल्या.

मग आनंदा टिपुगडेची पेन्शन निघाली,
केएमटीत तीस वर्षं घंटी ओढून
एका सहीसाठी चौथा हेलपाटा.
डॉक्टरनं निवासचा तांबडा बंद केलाय,
पांढऱ्याबद्दल काही बोलला नाही,
म्हणून निवासनंही विचारलं नाही.
जिनाप्पाचा पोरगा पुण्यात रात्री दीड वाजता
परदेशातली मॅच बघतो,
आणि बापाला फोन करून स्कोअर सांगतो.
एवढाच फोन असतो.
"पर त्यो गोल..." जिनाप्पा म्हणाला.

तिसऱ्यांदा. घंटा वाजली. ती पाचवी होती,
तोंड उघडं, पिन पूर्ण निसटलेली,
नंबराचं एक टोक फडफडत.
अश्फाक इतका वेळ काहीच बोलला नव्हता.
त्यानं कठडा असा धरला होता
की जणू तो सुटला तर ग्राउंड वाहून जाईल.
मग आम्हीही गप्प झालो.
स्टेडियमवर आम्ही गप्प फक्त
पेनल्टीला होतो.

चौथी आली.
तिसरीच्या मागं हातभर.

ती गुडघ्यांवर हात ठेवून वाकली.
आम्ही पाच बापे भोवती, पाण्याच्या तीन बाटल्या,
आणि एकालाही शब्द सुचेना.
बऱ्याच वेळानं तिनं मान वर केली.
"जिनाप्पाकाका," ती धापा टाकत म्हणाली,
"ऑफसाइडच होता तो.
प्रत्येक फेरीला तेच ऐकतेय."

निवास तर नाचायचाच राहिला.
जिनाप्पासुद्धा हसला, पोटापासून,
म्हणाला, "पोरीनं निकाल दिला, आता बास."
आणि आम्ही तिला गंगावेशीत
दूध कट्ट्यावर न्यायचं ठरवलं,
सकाळची धार गेली होती, संध्याकाळी सहाला,
म्हशीखालचं, फेसाचं, दोन पेले तिला एकटीला.

त्या दिवशी गोलात मी होतो.
मला कुणी विचारत नाही, कारण मी आडवा पडलो होतो,
नाक मातीत.
तिथून मात्र एक गोष्ट नीट दिसत होती:
निवासचा उजवा बूट, रेघेवर,
टाचेला ओला चुना लागलेला.

स्कूटरवर तो माझ्या मागं बसला होता.
"गुडघा लई दुखतोय रं," म्हणाला.
"कुठला?" मी विचारलं.
"उजवा."