परीक्षकांचा परिचय, चाळीस सेकंदांत

रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर आले तिघांचे परिचय,
प्रत्येकी दोन-दोन पानं.
संयोजक म्हणाले, मॅडम, चाळीस सेकंदांत बसवा एकेकाला.
चौदा पोरं आपापली फिल्म सांगायला येणार आहेत
आणि हॉल सहाला सोडायचाय.
सांगलीत मंगल कार्यालय रिकामं कुठं असतं,
साडेसहाला साखरपुडा आहे.

मी शाळेत भूगोल शिकवते.
मोठा मुलूख लहान कागदावर उतरवायची सवय आहे मला.
तरी लाल पेन घेऊन
विश्रामबागेतल्या गॅलरीत बराच वेळ नुसती बसून राहिले.

पहिल्या हेमांगी उपळावीकर, मूळ तासगावच्या.
'एकोणीस वर्षं कंटिन्युइटी.'
म्हणजे कप कोणत्या हातात होता,
पदर ओला होता की वाळलेला,
भिंतीवरच्या घड्याळात मघाशी किती वाजले होते.
एकोणीस वर्षं
दुसऱ्यांच्या 'मघाशी'चा हिशेब.
मी लिहिलं: अनुभवी तंत्रज्ञ.

दुसरे दस्तगीर मुजावर, ध्वनिमुद्रक, मिरजेचे.
वडील तंबोऱ्याचे भोपळे कोरायचे,
टिचकी मारून नापास करायचे,
हे त्यांनी तिसऱ्या परिच्छेदात जवळजवळ लपवून लिहिलेलं.
मी पुरस्कारांची यादी ठेवली, भोपळा काढला,
पुन्हा घातला, पुन्हा काढला.
तिथं कागद फाटला जरासा.

तिसरे बाहुबली मगदूम, हळदीचे अडते, मार्केट यार्ड.
'निर्माता. दोन चित्रपट. दोन्ही पडले.'
शेवटचे दोन शब्द संयोजकांनी आधीच खोडलेले.

दुसऱ्या दिवशी वाचलं. टाळ्या झाल्या.
मगदूमांनी माईक मागून घेतला:
'बाईंनी एक ओळ गाळली. दोन्ही पडले.
दुसऱ्याचा बॅनर अजून गोदामात पोत्यांवर झाकायला आहे.
पिवळा पडलाय, पण टिकलाय.'
पोरं हसली,
आणि पहिल्या रांगेतल्या एकाचा पाय हलायचा थांबला.

विट्याची प्रणिती चोथे उठली.
घरच्या यंत्रमागाची गोष्ट,
पाच मिनिटं एका दमात, मागासारखीच.
मुजावरांचे डोळे मिटलेले. मला वाटलं, लागली झोप.
तसेच मिटल्या डोळ्यांनी म्हणाले,
'माग बंद पडला की घरात काय ऐकू येतं?'
ती गप्प.
मग म्हणाली, 'शेजारच्यांचा माग.'
मुजावरांनी टेबलावर टिचकी मारली.
एकच.

जतचा सिद्राम बिराजदार, हातातले कागद घामानं मऊ झालेले.
घर, रात्रीचं जेवण, सुरुवातीला आणि शेवटी.
उपळावीकरांनी चष्मा वर केला:
'आधी चार ताटं म्हणालात, नंतर तीन.
चौथं कुठं गेलं?'
त्यानं कागद उलटे केले, सुलटे केले.
तिथं नव्हतंच ते.
'माझं हुतं मॅडम.
मी हिकडं आलो न्हवं का, शिकायला.'
बाई कितीतरी वेळ काहीच बोलल्या नाहीत.
'मग ती चूक नाही,' म्हणाल्या. 'राहू दे तसंच.'

निकालासाठी तिघं मागच्या खोलीत बसले,
जिथं एरवी वधूपक्ष उतरतो.
मगदूमांनी खिशातला रुमाल टेबलावर पसरला.
'आकडा तोंडानं नाही बोलायचा. पूर्वी यार्डात
रुमालाखाली बोटं दाबून भाव व्हायचा.
पडलेला माणूस पण मग चारचौघांत पडायचा नाही.'
तीन हात आत गेले,
एका हाताची नखं हळदीची.
रुमाल हलला, थांबला, परत हलला.
कोणी किती बोटं धरली,
लिफाफा हातात घेऊन उभी असलेल्या मला
काही दिसलं नाही.

बाहेर साखरपुड्याची माणसं खुर्च्यांना कव्हरं घालत होती.
त्यातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं,
'ताई, तुम्ही कोण, मुलीकडच्या?'

'नाही हो,' मी म्हटलं,
'मी फक्त परिचय करून देते.'