रिकाम्या जागा भरा

तिसरीला भूगोल जिल्ह्याचा असायचा.
पातळ पुस्तक, आत दुमडलेला नकाशा.
पहिल्याच आठवड्यात तो घडीवर फाटायचा,
बरोबर भीमेच्या काठाने.

मी इंदापूरकडचा. पहिली नेमणूक घाटघरला.
एक ट्रंक, ज्वारीचं अर्धं पोतं,
आणि जुन्नरहून निघालेल्या एसटीच्या खिडकीला टेकलेलं कपाळ :
एकाच जिल्ह्यात हेही?
आमच्याकडे ढग मोजून यायचे, मोजून परत जायचे.
इथे खडू दमट व्हायचा, फळ्यावर अक्षर उमटेना.
पोरं नाचणीची भाकरी सोडून माझ्या डब्यात डोकवायची,
"गुरुजी, तुमची भाकर आजारी हाय का?
लई पांढरी पडलीय."

सहामाहीला प्रश्न दुसरा, गुण दोन.
पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेस ______ आहे.
पुणे जिल्ह्याच्या पूर्वेस ______ आहे.

ठकू उतळेनं लिहिलं :
पश्चिमेस मामाचं गाव आहे.
पूर्वेस गुरुजींचं गाव आहे.

कुलाबा. अहमदनगर.
लाल शाईनं मी दोन्ही ओळी खोडल्या.
ती रडली नाही. म्हणाली, "रविवारी चला, दावते."

घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण.
जकातीची नाणी पडत म्हणे त्यात.
त्या दिवशी पाणी होतं, आणि एक बेडूक.
पुढे जमीन संपली, खाली कोकण उघडं पडलं.
"तो धूर दिसतो? वैशाखरे. मामीनं चूल पेटवली."
मी बघितलं. धूर होता.
नकाशात तिथे नुसती तुटक रेघ आहे.

मग लेण्यात शिरलो.
तिन्ही भिंती अक्षरांनी भरलेल्या,
मला त्यातलं ओ का ठो कळेना.
ठकूनं एका आडव्या रेघेवर बोट ठेवलं, "ही एक."
दोन रेघांवर, "ह्या दोन.
आई पेंढ्या अशाच मांडती, कोळशानं.
गुरं मोजली असतील कुणी."
पुढे पुष्कळ वर्षांनी वाचलं :
एका राणीनं दिलेल्या गायी, घोडे, नाणी,
आणि त्यांचे आकडे.

मागच्या भिंतीवर राजघराण्याची रांग होती कधी.
नावं शाबूत आहेत.
नावांखाली नुसती पावलं.
मधल्या कितीतरी ओळी उडालेल्या.
दोन हजार वर्षं हा पेपर असाच पडून आहे,
जागोजाग रिकामा,
आणि कुणी त्यावर लाल शाई चालवली नाही.

घाटघरचं पाणी कुकडीला, कुकडी घोडला,
घोड भीमेला. हे शिकवायचो मीच,
नकाशावर छडी फिरवत
उजवीकडे, खाली, इंदापूरच्या ठिपक्याशी थांबत.
चार वर्षांनी उजनीची भिंत पुरी झाली
आणि छडी जिथे थांबायची
तिथेच पाणी थांबलं.
वडिलांनी घराचं दार काढून गाडीत घातलं.
चौकट निघेना. राहू दे, म्हणाले.

नंतर कुलाब्याचं रायगड झालं.
परवा-परवा अहमदनगरचं अहिल्यानगर.
मी बरोबर दिलेली सगळी उत्तरं
एकेक करून चुकत गेली.
वैशाखरे आहे तिथेच आहे.

पाणी फार ओसरलं की आमच्या देवळाचं शिखर दिसतं.
गेल्या उन्हाळ्यात गल्लीही दिसली, म्हणून गेलो.
चप्पल हातात, गाळ घोट्याच्या वर.
आमची माती काळी. ह्या गाळात
मधेच एक तांबूस पट्टा,
बोटावर घेतला तर मऊ,
इकडचा नव्हेच.

चिमूटभर कागदात बांधून आणलाय.
ठकूचे दोन गुण माझ्याकडे निघतात.
एक तर नक्कीच.