शेपटी उचलून

मकवालाबाईंच्या तळघरात द्राक्षांची जुनी टोपली,
टोपलीत चार पिल्लं,
आणि टोपलीभोवती ओणवं झालेलं लेरीचं सगळं घर.
ऑक्टोबर. कुताइसीत पर्सिमॉन पिकलेले.
गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेल्या रांजणांमधून
नवी वाईन बुडबुडतेय.

लेरी म्हणाला, बोकाच हवा.
भाटी घेतली की वर्षाला दोन बाळंतपणं,
मग पिल्लं खपवत हिंडा दारोदार.

एतेरी म्हणाली, बोका होता की आधीचा.
पापुना जाऊन चार महिने झाले,
पडद्यांना अजून वास आहे.
मार्चमध्ये आठ-आठ दिवस बेपत्ता,
मग एक कान फाडून घेऊन यायचा
आणि तुझ्यासारखा, चकार शब्द न काढता,
जेवायला बसायचा.

मकवालाबाई म्हणाल्या, हल्ली दोघांचंही ऑपरेशन होतं,
भांडता कशाला?
आणि हे केशरी बोकाच असणार. केशरी बहुतेक बोकेच असतात.

मग सगळे माझ्याकडे वळले.
मी वरच्या खोलीतली भाडेकरू,
मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला.
तू डॉक्टर होणार ना? बघ.

मेंदूतून निघणाऱ्या बारा नसा मला क्रमाने पाठ आहेत.
पण इथे चाळीस वॅटचा दिवा,
तळहातावर मूठभर थरथर,
शेपटी उचलली तर नुसती लव.
कुठेतरी वाचलं होतं:
विसर्गासारखी दोन टिंबं, तर बोका;
टिंबाखाली उभी रेघ, तर भाटी.
मला रेघ दिसली.
मुलगी, मी म्हणाले.
इतक्या खात्रीने मी तोंडी परीक्षेतही कधी बोलले नव्हते.

नुत्सा नऊ वर्षांची.
तिच्या बाहीवरून केशरी पिल्लू केव्हाच
खांद्यापर्यंत चढलं होतं.
तिने माझ्याकडे पाहिलं, मग लेरीकडे.
मी झाले तेव्हाही असंच बघितलं होतं?

रांजण बुडबुडत राहिले.

(मी आमच्या घरात तिसरी.
हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता.
सुचला होता.)

नर्सने सांगितलं, लेरी म्हणाला,
मी बाहेर जाऊन दोन सिगरेटी ओढल्या.
मुलगा असता तर?
एक.
चार ओढल्यास, एतेरी म्हणाली,
टोपलीतलं फडकं सारखं करत.
खिडकीतून मोजल्या होत्या मी.

परतताना नुत्साने कोटाच्या आत पिल्लू धरलं होतं.
त्यांच्या भाषेत तो, ती, ते
सगळ्यांना मिळून एकच शब्द: इस.
तुमच्याकडे?
तीन, मी म्हणाले. आणि पिल्लू असतं ते.
कधीपर्यंत?
चढ होता. मला धाप लागली होती.
बरं झालं.

नाव ठेवलं त्सिरा.
जानेवारीत गुरांच्या डॉक्टरने चष्मा कपाळावर सरकवून
एक क्षणभर बघितलं आणि म्हणाला, बोका.
तुम्हाला कुणी सांगितलं मुलगी म्हणून?
सगळे पुन्हा माझ्याकडे वळले.
मकवालाबाई तर अजून मला रस्त्यात थांबवून विचारतात,
डॉक्टरीणबाई, मी कोण?

नाव बदलायला नुत्सा तयार नाही.
त्सिरा लेरीच्या बुटात झोपतो,
पापुनासारखाच पडद्यांवर नेम धरतो,
उंदीर बघून दुसऱ्या खोलीत जातो.
एतेरी पडदे धुते आणि त्याला पोरी म्हणते.

काल रात्री गॅलरीत लेरी,
खांद्यावर त्सिरा, ओठांत ठिणगी.
वरच्या खिडकीतून मी विचारलं, कितवी?
पहिलीच, तो म्हणाला.

स्वयंपाकघरातून एतेरी:
तिसरी.