बाकी दहा

पहिल्या वर्षी मी अठ्ठेचाळीसला सोळा लावले होते.
पुढे अठ्ठेचाळीस दाते, मागे सोळा.
सोळा त्रिक अठ्ठेचाळ:
पॅडलचा एक फेरा, चाकाचे तीन, हिशेब चोख.
तुल्लिओ म्हणाला होता, याच्याखाली
म्हातारी माणसं चालवतात.
तो बार्कोलाच्या सपाट किनाऱ्यावर राहतो.

त्रिएस्ते म्हणजे काही सगळं बार्कोला नव्हे.
समुद्रात पाय सोडून बसलेलं हे शहर
पाठ डोंगराला टेकून आहे,
आणि माझी गिऱ्हाइकं त्याच्या मणक्यामणक्यावर.

मी कवळ्या पोचवते.
सान जाकोमोच्या प्रयोगशाळेतून दंतवैद्यांच्या दारी:
वरची बत्तिशी, खालची बत्तिशी,
एखादी एकटीच सोन्याची दाढ,
कापसात, डब्यात, डबा पाठीवर.
व्हिया कोमेर्चालेच्या चढावर
स्वतःचे दातओठ खात मी दुसऱ्यांचे दात वाही,
मग उतरून सायकल हाताने ढकली.
भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका
मला मागे टाकत, काही न बोलता.

उतारावर आणखीच वाईट.
या सायकलीला फुकट काही ठाऊक नाही.
चाक फिरतंय तोवर पाय फिरणार.
पुढे एक ब्रेक होता; तो वापरणं
मला तेव्हा कमीपणाचं वाटे.
पाय आवळून धरायचे, मागचं चाक फरफटत न्यायचं,
डांबरावर काळी रेघ.
दर वेळी उजवा पाय पुढे.

मार्चमध्ये टायर फुटला.
लिव्हिओ सान्चिनने तो उजेडात धरला.
सगळा नवाकोरा, आणि एकाच जागी
अंगठ्याएवढा, आतले धागे दिसेपर्यंत गेलेला.
"भाग निःशेष जातोय ना," तो म्हणाला,
"म्हणून थांबतेस तेव्हा इथंच थांबतेस."
त्याने खडूने बाकावर लिहिलं: चव्वेचाळीस, सतरा.
सतरा दुणे चौतीस. बाकी दहा.
"ही बाकी राहू दे.
पाय तोच राहील, पण चाक
सतरा ठिकाणी थोडं थोडं झिजेल."

शाळेत बाकी उरली की मी सगळं खोडून
पुन्हा पहिल्यापासून करायची.

चढ आता चढ राहिले, भिंती नाहीत.
पण फेब्रुवारीत बोरा सुटली.
पठारावरून खाली कोसळणारा हा वारा
इथे सगळ्यांच्या बोलण्यात बाई आहे,
आणि तिला दाते मोजता येत नाहीत.
समोरून आली तेव्हा
सपाट धक्क्याचा घाट झाला;
कोपऱ्यांवर पूर्वी दोर बांधत म्हणे, धरून चालायला,
मला दिव्याचे खांब पुरले.
वळले, आणि ती पाठीशी आली.
पाय माझे उरले नाहीत.
शिवणयंत्राच्या सुईसारखे
खालीवर, खालीवर, डब्यात दात खडखडतायत.
मी ब्रेक दाबला.
कुणी पाहिलं नाही.
पाहिलं असतं तरी दाबला असता.

दवाखाना वाऱ्यामुळे बंद. म्हणून कवळी
थेट ब्रूना चेर्गोल बाईंच्या घरी, पाचवा मजला, लिफ्ट नाही.
त्यांनी ती तिथंच उंबऱ्यात बसवली, चावून पाहिलं,
गालाला हात लावला.
"डावीकडे उंच लागतंय. इतकंच. केसाएवढं."
मग काढली, रुमालाने पुसली,
आणि माझ्या हातात ठेवली, ओली, कोमट.
सगळी परत डोंगरावर.

लिव्हिओने मला एक पाकीट दिलंय,
आत अठरा दात्यांचं चक्र, तेल लावून, कागदात.
"गुडघे बोलायला लागले की लाव."
ते मोज्यांच्या खणात आहे.
कधीकधी काढून हातात धरते, थंड, जड;
अठरा दुणे छत्तीस, बाकी आठ,
आणि पुन्हा गुंडाळून ठेवते.

त्या दिवशी बाईंच्या जिन्यात, उतरताना,
चौथ्या मजल्यावर, डावा गुडघा
एकदाच, हळूच काही बोलला.
मी पायऱ्या मोजत होते.
मला ऐकू आलं नाही असं दाखवलं.